टॉवर वावरात उभा असतो

काळ्या मातीत ४० फुटांचा टॉवर उभा करायचा ठरलं की पहिलं काम खाली पाहण्याचं असतं. आमची जमीन आर्वी तालुक्यातली, वर्धा नदीच्या काठची, भारी. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. मृग बरसला की त्या मिटतात, माती फुगते आणि वावरात पाय टाकवत नाही. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, सुकलं की आक्रसतं. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, ही माती मानवते, घराच्या पायाला मानवत नाही. आमच्या गावात तडा न गेलेली भिंत शोधावी लागते.

मी हौशी रेडिओचालक आहे. लोक याला हॅम रेडिओ म्हणतात. दळणवळण मंत्रालयाच्या वायरलेस विभागाची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, परीक्षा द्यावी लागते. पास झालं की परवाना आणि 'व्हीयू'नं सुरू होणारी हाकखूण, म्हणजे कॉल साइन, मिळते. मग स्वतःचा सेट, स्वतःची अँटेना आणि ठरवून दिलेल्या लहरींवर जगातल्या कुठल्याही परवानाधारकाशी बोलायची मुभा. त्यातून पैसा कमवायचा नाही, धंद्याचं बोलायचं नाही. या छंदाबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक सेटबद्दल, लहरींबद्दल, दूरदेशच्या संपर्कांबद्दल. मला मात्र इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की पटली आहे: अँटेना दिसते आभाळात, पण ती चालणार की नाही हे ठरतं वावरात. मातीत, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, शेजाऱ्याच्या ओसरीवर.

पाया खणायच्या आधी मी गावातल्या, जन्मभर विहिरी खोदलेल्या एका काकाजींना घेऊन आलो. त्यांनी जागेवर दोन फेऱ्या मारल्या, बांधावरच्या झाडांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अठी सात फूट माती भेटन. मंग मुरूम." सात फुटांच्या आतबाहेर मुरूम लागलाच. टॉवरचा पाया मुरमात बसवायचा, काळ्या मातीत नाही, हे त्यांनी मला रेतीत बोटानं चित्र काढून सांगितलं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल म्हणून पायाचे खांब विकसित केले. त्यांच्या बुडाशी फुगीर गोळा असतो आणि ते निदान साडेतीन मीटर खोल नेतात. त्यामागचा विचार काकाजींच्या चित्रातलाच आहे. उन्हाळा आणि पावसाळा जिथपर्यंत पोचतो, त्याच्या खाली जाऊन बसायचं. खड्ड्यातली काळी माती आम्ही परत भरली नाही. काँक्रीटच्या चारी बाजूंनी मुरूम भरून धुमसला, म्हणजे फुगणाऱ्या मातीला खांब धरून वर ढकलता येत नाही.

पायापेक्षा नाजूक काम तणाव्यांचं. टॉवर म्हणजे तीन पाईप आणि मध्ये आडव्यातिडव्या सळ्या. दहा-दहा फुटांचे चार तुकडे, गावातल्याच वेल्डिंगवाल्या भाऊंनी केलेले. असा सडपातळ टॉवर स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. तीन दिशांना, एकमेकांपासून १२० अंशांवर, पोलादी दोरांचे तणावे लागतात. दोन उंचींवर, म्हणून एकूण सहा. त्यांची खालची टोकं जमिनीत काँक्रीटनं रोवलेल्या खुंटांना बांधतात. पाया टॉवरचं वजन खाली झेलतो, तर खुंट उपटले जाण्याच्या विरुद्ध झगडत असतात. वाऱ्याचा हिशेब भारतीय मानकात आहे. आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ४४ मीटरला एका चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा भार येतो. टॉवर जाळीदार असल्यानं तो फार पकडत नाही, पण वर यागी, म्हणजे आडव्या नळ्यांची, एका दिशेला रोखलेली अँटेना चढवायची तर तिच्या प्रत्येक नळीचा हिशेब आधी मांडावा लागतो. मे महिन्यातलं अवकाळी वादळ आमच्याकडे टिनाचं अख्खं छप्पर दुसऱ्याच्या वावरात नेऊन टाकतं. त्या वाऱ्यापुढे अंदाजपंचे चालत नाही.

खुंट टॉवरच्या बुडापासून उंचीच्या निदान ६०-७० टक्के अंतरावर हवा. आमचे दोन खुंट घराच्या आवारात बसले. तिसरा नेमका शेजारच्या काकाजींच्या धुऱ्यावर येत होता. मी नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नकाशा पाहिला नाही. धुऱ्यावर येऊन बाभळीपाशी काठी टेकवली आणि म्हणाले, "अठी ठोक बापा. वखर अडकला नाही पायजे, बस." बाभळीपाशी वखर तसाही जात नाही. कोन दोन अंशांनी बदलला, तो मी चालवून घेतला. माझ्या टॉवरचा एक तृतीयांश तोल आज त्यांच्या होकारावर उभा आहे, आणि ही गोष्ट मला कुठल्याही तांत्रिक गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते.

टॉवरचं बांधकाम सुरू झाल्यावर गावात सगळ्यांचा प्रश्न एकच. "भाडं किती भेटते जी महिन्याचं?" टॉवर म्हणजे मोबाइल कंपनीचा, आणि कंपनी जागेचं भाडं देते, हे पक्कं गणित. त्यात 'तुमच्या शेतात टॉवर लावतो, आधी एवढी रक्कम भरा' म्हणून फोनवरून लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट, त्यामुळे काहींच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काळजीही होती. मी प्रत्येकाला घरात बोलावून सेट दाखवला. एका आत्याबाईंनी कलकत्त्याच्या माणसाचा आवाज ऐकला, मी फोन केलेला नाही याची खात्री करून घेतली आणि विचारलं, "मंग ह्याचे पैसे कोन घेते?" कोणीच घेत नाही, हे सांगताना मला फार आनंद झाला होता.

टॉवर उभा करायच्या दिवशी सूत्रं निवृत्त लाइनमन काकांकडे होती. आयुष्य विजेच्या खांबांवर गेलेला हा माणूस. त्यांनी आधी ४० फुटांची दोरी घेतली, एक टोक पायाशी धरलं आणि दुसऱ्या टोकानं चुन्याचं वर्तुळ काढलं. टॉवर कुठंही पडला तरी त्या वर्तुळात पडेल. त्यात विजेची एकही तार नको. ११ केव्हीची लाइन त्याच्या बरीच बाहेर होती, तरी ते परत एकदा चालून पाहून आले. अँटेनाची तार विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून कधीही न्यायची नाही, हे नव्या परवानाधारकाला मी सर्वांत आधी सांगतो. परीक्षेतली बाकीची उत्तरं चुकली तर परीक्षा परत देता येते.

चढवायची पद्धत जुनीच. उभ्या झालेल्या तुकड्याला पुली लावलेला एक पाईप बांधायचा, दोरानं पुढचा तुकडा वर ओढायचा, वरच्या माणसानं तो बसवून बोल्ट आवळायचे, मग पाईप वर सरकवायचा. वर एकच माणूस, कमरेला नव्हे तर अख्ख्या अंगाला पट्टा, दोन हुक. एक सोडायच्या आधी दुसरा अडकवलेला. खाली कोणी मोबाइलवर बोलायचं नाही. लाइनमन काकांनी दोराचा प्रत्येक यू-क्लँप स्वतः तपासला. क्लँपची बैठक भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकावर, असंच हवं. उलट लावला तर बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चावतो आणि दोर तिथंच कमकुवत होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

तणाव्यांमध्ये चिनी मातीचे अंड्यासारखे इन्सुलेटर घातलेले आहेत. विजेच्या खांबाच्या ताणातही तेच असतात. तिथं त्यांचं काम जीव वाचवण्याचं: वरून वीज तारेत उतरली तर खाली हात लावणाऱ्यापर्यंत ती पोचू नये. माझ्याकडे त्यांचं काम वेगळं. लांब अखंड तार रेडिओलहरी पकडून स्वतःच अँटेनासारखी वागू लागते आणि खऱ्या अँटेनाचा घोटाळा करते, म्हणून तिचे लहरीच्या मापात न बसणारे तुकडे पाडायचे. लाइनमन काकांना हे इतकं आवडलं की दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो इन्सुलेटर दाखवत होते.

आता अँटेनाबद्दल. रोजच्या बोलण्याची माझी अँटेना ४० मीटर बँडची, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या लहरींची, इन्व्हर्टेड व्ही (उलटा व्ही) आहे. मधला भाग टॉवरच्या टोकाशी, दोन्ही बाजू उतरत्या. हिशेब सोपा आहे. १४३ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये. ७.१ला भागलं की २० मीटरच्या थोडं वर. म्हणजे प्रत्येक बाजू साधारण दहा मीटर. तार थोडी लांब कापून मग छाटत आणायची. तार मी सबमर्सिबल मोटरच्या वाइंडिंगची वापरली, कारण तिच्यावर पाण्यात टिकणारं आवरण असतं आणि ती तालुक्याच्या कुठल्याही रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. आवरणामुळे लांबी अजून थोडी कमी करावी लागते, आणि मऊ तांबं ताणानं वर्षभरात वाढतं, म्हणून उन्हाळ्यात ती परत मोजायची. खालची टोकं किती उंच ठेवायची? पुस्तकात दहा फूट लिहिलेलं असतं, कारण प्रसारण चालू असताना टोकाशी व्होल्टेज मोठं असतं आणि हात लागला तर भाजतं. आमच्या आवारात मात्र माप ठरलं ते कडबा भरलेल्या बंडीचं, वर बसलेल्या पोरासकट.

या साध्या तारेनं मला जे दिलं त्याचं मोल मी करू शकत नाही. विदर्भ देशाच्या मध्यावर आहे हे शाळेत पाठ केलेलं असतं. ४० मीटरवर ते कानांना कळतं. नागपूरहून सरळ रेषेत मुंबई सुमारे ७०० किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९००, कोलकाता ९७०. बारा मीटर उंचीवरच्या तारेतून निघणाऱ्या लहरी बऱ्याच चढ्या कोनात वर जातात, आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, लागून परत येतात आणि नेमक्या याच टापूत उतरतात. फार लांब जाणाऱ्या लहरींसाठी या बँडला २० मीटरची उंची हवी, आणि ती माझ्याजवळ नाही. पण सकाळी न्याहारीच्या वेळी ५० वॉटवर हाक दिली की केरळ, आसाम, पंजाब एकाच गप्पांत बसलेले असतात, आणि त्या सर्वांना माझा आवाज जवळजवळ सारखाच पोचतो. मुंबईच्या माणसाला गुवाहाटी ऐकू येत नसली तर निरोप मी पुढे देतो. या जागेचा एवढा सरळ उपयोग मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही.

अडचण ऐकण्यात येते. गावात शांतता असते असं शहरातल्या मित्रांना वाटतं. रेडिओच्या कानाला तसं नाही. स्वस्तातले एलईडी दिवे, सौरपंपाचे कंट्रोलर, ११ केव्हीवरचे तडकलेले इन्सुलेटर, सगळ्यांची कुरकुर सेटमध्ये उतरते. आणि आमच्याकडचा खास आवाज झटका मशीनचा. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला वावराभोवती तार लावतात आणि बॅटरीवरचं यंत्र तिच्यात साधारण सेकंदाला एक झटका सोडतं. ४० मीटरवर तो टक्, टक्, टक् असा ऐकू येतो. चांगल्या अवस्थेतली तार फार त्रास देत नाही. आवाज मोठा झाला की समजायचं, कुठंतरी ठिणगी पडते आहे.

तूर फुलावर असताना एकदा हा आवाज इतका वाढला की दूरचं कोणीच ऐकू येईना. खिशातला छोटा रेडिओ घेऊन मी रात्री वावरावावरांतून निघालो. शेजारचे काकाजी जागलीला होते. "काय शोधून रायला?" त्यांनी मचाणावरून विचारलं. मी रेडिओ त्यांच्या हातात दिला. मग आम्ही दोघं त्यांच्या कुंपणाच्या कडेनं चाललो. आवाज जिथं सर्वांत मोठा झाला तिथं बॅटरी मारली तर ओलं गवत तारेला टेकलेलं आणि खांबावरचा प्लॅस्टिकचा इन्सुलेटर फुटलेला. निळी ठिणगी डोळ्यांना दिसत होती. त्या जागेच्या पुढच्या तारेत झटका जवळजवळ उरलाच नव्हता, आणि तिथूनच डुकरं आत येत होती. गवत कापलं, इन्सुलेटर बदलला, यंत्राची अर्थिंगची सळई ओल्या जागी हलवली. त्यांची तूर वाचली, माझा बँड मोकळा झाला. आता गावात कोणाच्या कुंपणाचा झटका मंद झाला की मला रेडिओसकट बोलावणं येतं, आणि मी काम सोडून जातो.

उभारणीचा दिवस एक असतो, देखभाल दरवर्षीची. माझं वेळापत्रक पंचांगाशी जुळलेलं आहे. मृगाच्या आधी प्रत्येक बोल्ट, टर्नबकल (तणावा आवळायचा फिरकीचा स्क्रू), क्लँप. गंजाची जागा घासून रेड ऑक्साइड. पोळा झाला की खुंट पाहायचे, कारण तोवर माती पूर्ण फुगलेली असते आणि खुंटाचं काँक्रीट किंचित वर आलेलं असू शकतं, म्हणजे तणावा सैल. दिवाळीनंतर माती आवळू लागली की परत. तणाव्यातला ताण त्याच्या तुटण्याच्या बळाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. फार आवळला तर टॉवरवरच नाहक दाब येतो. टॉवर ताठ आहे की नाही हे ओळंब्यानं, दोन बाजूंनी पाहायचं. बाजारातली निळीपिवळी प्लॅस्टिकची दोरी अँटेनाला वापरू नये असं मी कळकळीनं सांगेन. आमच्या उन्हात ती वर्ष-दोन वर्षांत कुरकुरीत होते आणि हातात चुरा येतो. बांबूवर अँटेना लावणाऱ्यांनी बुड जमिनीत गाडू नये, उधई खाऊन टाकते.

केबलच्या जोडांत पाणी जाणं हा सर्वांत फसवा आजार. पाणी आतल्या जाळीतून केशाकर्षणानं पुढे सरकत जातं. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे सांगणारा एसडब्ल्यूआरचा आकडा मी दर महिन्याला वहीत लिहितो. तो अचानक सुधारला तर मी जास्त काळजीत पडतो, कारण भिजलेली केबल जातायेता शक्ती खाऊन टाकते आणि परत येणारं कमी दिसतं. बँडवर एकदम सामसूम झाली तरी आधी ही वही पाहावी. १० मे २०२४च्या सौरवादळासारख्या वेळी जगभर लघुलहरी कोलमडतात आणि माणूस उगाच टॉवरवर चढतो.

वानरांची टोळी येते तेव्हा चिंचेवर बांधलेल्या टोकाशी झोके घेते. त्यासाठी ते टोक झाडाला घट्ट न बांधता पुलीवरून खाली सोडलं आणि रेती भरलेला डबा लटकवला. ओढलं की डबा वर जातो, सोडलं की खाली येतो, तार तुटत नाही. आग्या मोहोळ बसलं तर काहीच करायचं नाही. धूर नको, दगड नको. पोळं रिकामं होईस्तोवर टॉवर त्यांचा. ४५ अंशांच्या दुपारी चढायचं नाही, लोखंडाला हात लावता येत नाही. एकट्यानं कधीच चढायचं नाही.

विजांचं भय मी कधी कमी लेखलेलं नाही. दर पावसाळ्यात आमच्या भागात वावरात, झाडाखाली माणसं जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मी गावात अनेकांच्या मोबाइलवर टाकून दिलं आहे. ढग गडगडायच्या आधी केबल सेटपासून काढून बाहेरच्या पेटीत ठेवायची. टॉवरच्या तिन्ही पायांना स्वतंत्र अर्थिंग, ते सगळे जाड पट्टीनं एकमेकांना आणि घराच्या अर्थिंगला जोडलेले, केबलचं बाहेरचं आवरण टॉवरच्या बुडाशीच जमिनीला दिलेलं. ओली काळी माती वीज चांगली पचवते. सुकली की तीच माती हात झटकते, म्हणून एप्रिलपासून अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालणं हे आमच्याकडे गुरांना पाणी दाखवण्याइतकंच नेमाचं काम आहे. आईनं ते स्वतःकडे घेतलं आहे.

इतकं सगळं कशासाठी, असं विचारणारे विचारतात. आमच्या नदीच्या वरच्या अंगाला मोवाड आहे. ३० जुलै १९९१ला वर्धेच्या पुरानं ते गाव उद्ध्वस्त केलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरात पाऊस लागून राहिला की अजूनही मोवाडचं नाव निघतं. तेव्हा गावोगाव फोन नव्हते. आज मोबाइल आहेत, पण वीज गेली की त्यांच्या टॉवरच्या बॅटऱ्या काही तास चालतात, पुढे नाही. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांची हौशी रेडिओचालकांची तुकडी छंदासाठीच पोर्ट ब्लेअरला अँटेना उभारून बसली होती. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्यांच्या सेटवरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळू लागली. त्या अँटेना आधीपासून उभ्या होत्या. पूर आल्यावर कोणाला टॉवर उभारता येत नाही. माझा सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, ती बॅटरी दर आठवड्याला तपासली जाते.

पुढचं काम नदीकाठानं वर जाण्याचं आहे. जवळच्या गावांसाठी ४० मीटर लागत नाही. दोन मीटर बँडचा, १४५ मेगाहर्ट्झचा, उभी अँटेना पुरते. ती जवळजवळ नजरेच्या रेषेत चालते. दोन्हीकडे बारा मीटर उंची असली तर मोकळ्या जमिनीवर २८ किलोमीटरपर्यंत बोलता यावं. म्हणजे काठावरच्या मोजक्या गावांत एकेक खांब आणि एकेक परवानाधारक असला, तर वरच्या गावाला नदीचं पाणी चढताना दिसलेलं खालच्या गावाला त्याच क्षणी सांगता येईल. वरच्या एका गावातल्या गुरुजींनी परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे. ओहमचा नियम त्यांना मला शिकवावा लागला नाही, फोनवर हाकखुणेची अक्षरं म्हणायचा सराव तेवढा आम्ही करतो. त्यांचा परवाना आला की हातातले दोन सेट घेऊन आधी खात्री करू, मधल्या टेकाडामुळे आवाज अडतो का ते. अडला तर टेकाडावरच्या वाडीत तिसरा माणूस शोधावा लागेल. तिथल्या किराणा दुकानातल्या मुलीला विचारून ठेवलं आहे. बारावीला विज्ञान आहे तिला, आणि उंचावर चढायची भीती वाटत नाही असं ती म्हणाली.